वरची मूठ

मॅनेजरबाईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. स्क्रीनवर तोच होता, सुट्ट्या धान्याच्या काउंटरमागे, निळ्या एप्रनमध्ये. त्यानं तांदूळ मोजून पिशवीत ओतला, किमतीचं लेबल चिकटवलं आणि मग आणखी एक मूठ आत टाकली.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आपण असं करतो हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. स्वतःच्या दुकानात त्यानं जन्मभर वरची मूठ घातली होती. दुकानाच्या जागी आता या स्टोअरचं पार्किंग आहे, पण हाताला ते कुणी कळवलं नव्हतं.

"जित्याची खोड हो, बाई," तो म्हणाला. "चोरी नाही. पुन्हा होणार नाही."

बायकोचं डायलिसिस स्टोअरच्या विम्यावर चाललं होतं. नोकरी गेली की तेही जाणार.

"अहो काका, घाबरता काय? बसा आधी." बाई हसल्या. "वस्तीसाठी काहीतरी करा म्हणून हेड ऑफिस कधीचं मागे लागलंय. बाकडी झाली, झाडं झाली. आणि इथं काखेत कळसा नि गावाला वळसा!"

बाई मनानं वाईट नव्हत्या, हीच तर पंचाईत होती.

काउंटरवर फलक लागला: 'शेजारधर्म! काकांची वरची मूठ'. त्यावर त्याचाच फोटो, बत्तिशी दाखवणारा. मुठी लहानमोठ्या होतात म्हणून प्लास्टिकचं माप आलं. ते भरायचं, वरून बोट फिरवून सपाट करायचं, "आमच्याकडून" म्हणायचं आणि हसायचं. मापातल्या तांदळाची किंमत भावात आधीच धरलेली होती. त्यावर दाणा जास्त गेला तर मात्र ती चोरी, हे बाईंनी हसत हसतच सांगितलं.

लोकांना भारी आवडलं. रांगा लागल्या. त्याला स्वतःच्या हाताची शिसारी आली.

एक दिवस त्याच्या जुन्या गल्लीतली आजी आली. त्यानं तिचा तांदूळ मोजला, लेबल लावलं, माप सपाट करून पिशवीत रिकामं केलं.

"आमच्याकडून, आजी." तो हसला.

आजी पिशवीचं तोंड उघडं धरून उभीच.

"वरचं राहिलं की रे."

"आत्ता दिलं ना."

"ते यांचं झालं. तुझं दे."

रांगेत चुळबुळ सुरू झाली. त्याचा हात पिंपात गेला, मूठ भरली. वर कॅमेरा होता. बाजूला फलकावर तो हसत होता. मूठ उघडवेना आणि हात वर येईना.

"सावकाश दे," आजी म्हणाली. "मला घाई नाही."