शिट्टी वाजायच्या आत

टॅलारू गावच्या नगरपालिकेचं मतदान नेमकं फायनलच्या दिवशी आलं. शाळेमागच्या मैदानावर क्लेमच्या मुलीची रग्बीची मॅच, आणि मत चुकवलं तर दंड, म्हणून तो रांगेत नुसता चुळबुळत होता. उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीचे आकडे लिहायचे होते. कागद हातात पडताच त्याने वरून खाली एक, दोन, तीन, चार असे भराभर खरडले.

"अरे, नावं तरी वाच!" बायको, नोरीन, कुजबुजली.

"वाचून काय दिवे लागणार आहेत? सगळे एकाच माळेचे मणी. चल, शिट्टी होईल!"

मतदान केंद्राच्या दारात दरवेळी भाजून विकतात ते सॉसेजही न घेता तो पळाला.

नाताळ तोंडावर आला आणि नव्या नगरसेवकाच्या एका मताने तेच मैदान बिल्डरला विकायचं ठरलं. क्लेम भरसभेत ताडकन उठला.

"कधी कुणाच्या दारात आला नाहीत, साधं पत्रक वाटलं नाहीत. अहो, तुम्हाला निवडून दिलं तरी कुणी?"

नगरसेवक गोड हसला.

 

"माझं नाव यादीत सगळ्यात वर होतं. आणि त्या दिवशी मॅच होती."