तांबडा वळू

"मान जरा इकडे कर बाबा," म्हणत तिने वळूचं शिंग धरलं आणि त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. तोही मुकाट्याने वळला. ती पुन्हा स्टुलावर बसली, हात लांब केला तर त्याच्या नाकाला लागेल इतकी जवळ.

मागच्या प्रदर्शनात कुणीतरी म्हणालं होतं की तिच्या चित्रांतली गुरं पेंढा भरल्यासारखी दिसतात. ते तिच्या जिव्हारी लागलं. आता फोटोवरून काढायचं नाही, जनावराचा श्वास अंगावर घेत काढायचं, असं तिने ठरवून टाकलं. माणसांपेक्षा तुझं गुरांशीच जमतं, असं धाकटी बहीण चिडवायची. ते काही खोटं नव्हतं.

गोठ्याचा मालक बाहेरगावी होता. त्याने फोनवरच परवानगी दिली. आमचा तांबडा वळू काढा, म्हणाला, अगदी भोळा सांब आहे, पोरंसोरं त्याच्या पाठीवर बसतात. त्यामुळे पहिल्या दिवशी गडी फाटकापाशी काही सांगायला लागला, तेव्हा तिने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"मालकांशी बोलणं झालंय. आणि मला गुरं कळतात," ती म्हणाली आणि कडी काढून आत गेली.

गडीमाणसं कुंपणाबाहेर उभी राहून बघत. चहासुद्धा फाटकावर ठेवून जात. कामात कुणी लुडबुड करत नाही, हे तिला फार आवडलं. धारा काढणारी म्हातारी एकदा बाहेरूनच म्हणाली की बाई, छाती आहे हो तुमची. तिने हसून मान डोलावली आणि ब्रश तांबड्या रंगात बुडवला.

चित्र मनासारखं उतरलं. मान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, डोळ्यांत धग. इतक्या गरीब जनावरात एवढी धग तिलाच दिसली, याचा तिला अभिमान वाटला.

मालक परतला तो थेट चित्रासमोर येऊन उभा राहिला. हळू आवाजात त्याने विचारलं, की हे कुठे बसून काढलंत? तिने आतलं स्टूल दाखवलं. वळू स्टुलाच्या शेजारीच रवंथ करत होता.

मालकाने कुंपणाचा खांब धरला.

"बाई, आमचा भोळा पलीकडच्या गोठ्यात असतो. याला तर आम्ही वैरणसुद्धा छपरावरून टाकतो."