मालिनीताईंचं कौतुक

"शिकलेल्या माणसांत असलं काही होणं शक्यच नाही," सुबोध छाती फुगवून म्हणाला. "चार वर्षं घासलीत मी या विषयात!"

वीणाच्या हॉलमध्ये मराठी मंडळाची मीटिंग बसली होती. सुबोध इथेच, डेल्फ्टच्या डच विद्यापीठात पीएचडी करत होता, विषय होता अफवा कशा पसरतात. त्याचा सगळा डेटा सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतला, एका कर्मठ गोऱ्या वसाहतीचा. तिथल्या देवभोळ्या लोकांनी आपल्याच शेजारणींना चेटकिणी ठरवून फासावर चढवलं होतं. कशामुळे? कडाक्याचा हिवाळा, बांधावरची भांडणं, सीमेवर लढाई, आणि पाद्रीबुवांना सरपण पुरवायचं की नाही यावरून गावात पडलेले दोन तट. सुबोधला सगळं तोंडपाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा डिफेन्सच होता, म्हणजे परीक्षकांसमोर प्रबंधाची बाजू लढवायची होती.

पण आजचा डिफेन्स मालिनीताईंचा होता.

ताई इथे आल्या त्या नवऱ्याच्या व्हिसावर. आता अख्ख्या डेल्फ्टची दिवाळी त्यांच्या कढईतून निघायची. बाई एकदम दिलखुलास. समोर काही चांगलं दिसलं की तोंड भरून कौतुक करायच्या, आणि तिथेच घोटाळा झाला. अभिजितच्या नव्या सायकलीला त्या "काय देखणी आहे रे!" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सायकल स्टेशनवरून गायब. आता या देशात सायकल चोरीला जायला कुणाची नजर लागावी लागत नाही, कुलूप जरा स्वस्तातलं असलं की पुरतं. पण मग त्यांनी विवेकच्या डच भाषेची तारीफ केली आणि विवेक परीक्षेत आपटला. पुस्तक उघडलंच नव्हतं हे फक्त विवेकला ठाऊक. पुढे वीणाच्या ओव्हनला त्या "गुणी आहे हं" म्हणाल्या आणि घराचा फ्यूज उडाला.

त्यात हिवाळ्यासाठी इथली घड्याळं नुकतीच तासभर मागे केलेली. पाचलाच काळोख, बाहेर भुरभुर पाऊस, माणसं घरात आणि बोटं मंडळाच्या चॅट ग्रुपवर. वीणाने लिहिलं, 'कोइन्सिडन्स असेल, पण...' त्या 'पण'ने ताईंची निम्मी गिऱ्हाइकं पळवली. आता मंडळाची ऑर्डरही गेली असती तर कढई घासून माळ्यावरच टाकायची होती.

"ताई, राग मानू नका हं," वीणा गोड आवाजात म्हणाली. "या वर्षी फराळ रेडीमेड मागवू या का? तुमच्यावरही प्रेशर नको."

"मला कसलं प्रेशर गं? भाजणी दळून तयार आहे माझी."

"थांबा, थांबा," सुबोध उठला. त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला. पहिल्या स्लाइडवर हिवाळा, दुसरीवर भांडणं. तिसरीवर त्याने त्या वसाहतीतल्या आणि मंडळाच्या ग्रुपवरच्या अफवांचे आलेख शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्ही रेषा जुळ्या बहिणींसारख्या वर चढत होत्या.

"छान समजावतोस रे सुबोध!" ताई भारावून म्हणाल्या.

टीव्ही बंद पडला.

अभिजितचा पाय वायरीत अडकला होता. पण खाली कोण बघतंय? इंजिनिअर, डॉक्टरेटवाले, बड्या पगाराचे बँकवाले, सगळ्यांच्या माना एकदम ताईंकडे वळल्या. खरं सांगायचं तर सुबोधचीसुद्धा.

ताईंनी पदर खोचला.

"सुबोध, त्या तुझ्या गावात वाचल्या कोण रे?"

"ज्यांनी कबूल केलं त्या, ताई. नाही नाही म्हणत राहिल्या त्या फासावर गेल्या."

"असं होय?" ताई उठल्या. "मग कबूल! लागते माझी नजर. कडक लागते. मलाच माहीत नव्हतं एवढं टॅलेंट आहे ते."

कुणी हसेना.

"आता फराळ नाही म्हणजे मी मोकळीच," ताई पुढे म्हणाल्या. "रोज एकेकाकडे चहाला येईन म्हणते. वीणा, तुझं नवीन किचन मी अजून नीट बघितलंच नाही. अभिजित, प्रमोशन झालं म्हणे तुझं? अगदी तोंड भरून बोलायचं राहिलंय बघ. आणि विवेक, घर घेतोयस ना रे? किती सुंद—"

"ताई!" विवेक किंचाळला. "चकली! दोन किलो!"

"आम्हाला चार," वीणा म्हणाली. "आणि लाडू. मंडळाची ऑर्डर तर तुमचीच, त्यात काय विचारायचं?"

पाच मिनिटांत ताईंचा फोन ऑर्डरींनी भरून गेला. सुबोध नुसता बघत राहिला. त्याच्या चार वर्षांच्या अभ्यासातून बाईंनी नेमकी एकच ओळ उचलली आणि अख्खा खटला फिरवला. ज्या भीतीने त्यांना कोपऱ्यात ढकललं होतं, तिलाच त्यांनी भाजणीसारखं मळून, साच्यात घालून, कुरकुरीत तळून काढलं होतं. त्याला वाटलं, आपल्याआधी डॉक्टरेट या बाईला द्यायला हवी.

दारात चपला घालताना त्याने ताईंना वाकून नमस्कार केला.

"अरे, ऊठ, ऊठ," ताईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. "काय हुशार पोरगा आहेस रे! उद्या काय झकास होणार आहे तुझं!"

सुबोध मनापासून हसला. असल्या गोष्टींवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्फ्टमधल्या एका इमारतीत धुराचा अलार्म वाजला आणि सगळे रहिवासी नाइट ड्रेसमध्येच रस्त्यावर आले. सुबोध पण आला, टाय लावलेला, पायात मोजे. अग्निशमन दलाच्या माणसाने धूर कसला म्हणून विचारलं, तेव्हा त्याने "नाश्ता करत होतो" असं सांगितलं. त्याच्या हातातल्या तव्यात प्रबंधावरून तीनदा ओवाळलेलं मीठ, मोहरी आणि सात मिरच्या अजून तडतडत होत्या. खोलीचं दार मागे आपोआप लागलं होतं. प्रबंध, बूट आणि किल्ली आत राहिली.