सरांचा स्वेटर

खिडकी उघडताच तीन तपकिरी पतंग आत आले आणि खुर्चीवरच्या स्वेटरवर बसले.

"रोज संध्याकाळी येतात," मी म्हणाले. "सोमवारी ही खोली नव्या प्राध्यापकांना मिळतेय, म्हणून सरांचा स्वेटर न्यायला बोलावलं, वहिनी."

नाडगौडा सर जाऊन वर्ष झालं होतं. मादी पतंग ज्या गंधाने नराला बोलावते, तो सरांच्या संशोधनाचा विषय होता. कपड्याला लागला की तो वर्षानुवर्षं जात नाही. नर येतात आणि मादी शोधत राहतात.

वहिनींनी स्वेटर उचलून चेहऱ्याशी धरला, तरी पतंग उडाले नाहीत.

"घरी कुणी फिरकत नाही, आणि इथे यांचे पाहुणे बघ!" त्या हसल्या. मग त्यांनी स्वेटर पुन्हा हुंगला. "सगळ्या कपड्यांचा वास गेला गं, ऋजुता. याचाही. मला काहीच येत नाही. या पतंगांना त्यांचा वास अजून येतो का?"

एक नर रिकाम्या बाहीभोवती पंख फडफडवत फिरत होता. तिथे मादी नव्हती. सरही नव्हते.

"येतो," मी म्हणाले.

वहिनींनी स्वेटर अंगात घातला तेव्हा पतंग उडाले; त्या खिडकीपाशी बसल्या आणि पतंग परत येईपर्यंत जराही हलल्या नाहीत.