खिळ्यावरची टोपी

फिट येते म्हणून तीन दिवस डोकंही धुवायचं नाही? दुसऱ्याच दिवशी मी मेंदूचा आलेख काढणारी ती तारांची टोपी काढून न्हाणीबाहेर खिळ्याला अडकवली आणि तासभर मनसोक्त न्हाले.

"काढली होती," तीन दिवसांनी टोपी परत करताना दवाखान्यातल्या टेक्निशियन ताईंना मी ठणकावून सांगितलं. "तो तास कोराच असेल."

त्यांनी पडद्यावर तो तास उघडला. लाटा व्यवस्थित चालू होत्या.

"हा मेंदू जागा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "घरी आणखी कोण असतं?"

"कुणी नाही. मी एकटी."

"फिट येतेय असं वाटलं की दाबायचं ते टोपीला जोडलेलं बटण, या तासात नऊ वेळा दाबलंय."

"पुन्हा चढवा टोपी. बघतेच कोण आहे ते!"

टोपी टेबलावर होती, बटण तिच्या शेजारी. मी तावातावाने हात पुढे केला.

बटण आपलं आपण आत गेलं. दहाव्यांदा.