अकराची बेल

बेल वाजली तसा मुद्रितशोधकाने आधी पंखा बंद केला, मग श्वास रोखला.

बरोब्बर अकरा वाजले होते. गेले नऊ दिवस रोज याच वेळी, एकदाच. स्वतःच्याच घरात चोरपावलांनी तो दारापर्यंत गेला आणि दारातल्या भिंगाला डोळा लावला. त्याच बाई. साठीच्या, हातात चुरगाळलेला रुमाल. डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. मग वळल्या आणि जिना उतरताना हसल्या.

त्या हसण्याने त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपण आत दडून बसलोय हे त्यांना पक्कं ठाऊक असणार, नाहीतर हसतील कशाला?

दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढणं हे त्याचं काम. पानं संगणकावर यायची, संगणकावरूनच परत जायची. वाणसामान थोरली बहीण आणून द्यायची. कचरा तो पहाटे, चौकीदाराचा डोळा लागलेला असताना, गुपचूप टाकून यायचा. पाच वर्षं सगळं बिनबोभाट चाललं होतं. माणूस समोर आला की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची, मान लाल व्हायची, आणि नंतर आपण काय बावळटासारखं बोललो ते आठवून तो आठवडाभर स्वतःला खात राहायचा. त्यापेक्षा दार बंद बरं.

"अरे, त्यांना काही हवं असेल," ताई फोनवर म्हणाली. "एकट्याच राहतात त्या खालच्या मजल्यावर. उघड ना दार! खाणार आहेत का तुला?"

"उद्या उघडतो."

"हे तू सोमवारपासून सांगतोयस."

फोन ठेवला तेव्हा त्याचे कान तापले होते. एक म्हातारी बाई मदतीसाठी रोज जिना चढून येते, आणि आपण चांगले घोड्याएवढे झालेलो, पंखा बंद करून उभे राहतो. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळभर तो एकच वाक्य घोटत बसला. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पाठ केलं.

दहाव्या दिवशी बेल वाजली. भिंगातून पाहिलं, तर बाईंनी कठडा घट्ट धरला होता आणि हात थरथरत होते. यांना आत्ता काही झालं म्हणजे? आता मात्र त्याला राहवेना. कडी दोनदा हातातून निसटली, तिसऱ्यांदा निघाली.

"काकू, माफ करा. मी रोज घरातच होतो. तुम्हाला काही हवंय का?"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दोन पावलं मागे सरकल्या. रुमाल खाली पडला, तो उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

"रोज? अगंबाई... रोज आत होतात तुम्ही?"

"हो. म्हणजे... घाबरू नका. मदत हवी असेल तर सांगा."

"नको, नको. मला माणसांचीच भीती वाटते हो." त्यांना धड बोलताही येईना. "डॉक्टरांनी सराव सांगितलाय. रोज एका दाराची बेल वाजवायची, वीस आकडे मोजायचे आणि परत यायचं. जमलं की मला कोण आनंद व्हायचा!"

"पण मग माझंच दार का?"

बाईंनी मान खाली घातली.

"मी चौकीदाराला विचारलं होतं. तो म्हणाला, त्या घरात कोणी राहत नाही."