ओलावा पुरतो

गोंदाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करणारी सून घरी परतली, तर तीन आठवडे अबोला धरलेले सासू-सासरे सोफ्यावर हातात हात घालून बसलेले. कायमचं लेकीकडे जायचं म्हणून सासूबाईंनी भरलेली बॅग दाराशीच होती.

"तुझ्या त्या गोंदाने घात केला!" सासूबाई करवादल्या. "कपाचा कान चिकटवताना यांचा हात माझ्या हाताला चिकटला. कातडीचा ओलावासुद्धा पुरतो म्हणे त्याला चिकटायला. गाडी चुकली माझी."

सुनेला काहीतरी खटकलं. हा गोंद घट्ट होताना त्याचे रेणू एकमेकांशी बांधले जातात, तेव्हा उष्णता बाहेर पडते.

"चटका बसला असेल ना?" तिने सहज विचारलं.

"छे, गार होता," सासरे म्हणाले.

"गार कुठला? चांगला भाजला!" सासूबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं.

"थांबा, एसिटोन आणते. लगेच सुटेल." सुनेने आतल्या खोलीत जाऊन खण उघडला. एसिटोनची बाटली काठोकाठ भरलेली होती. शेजारी घरातली गोंदाची एकुलती एक ट्यूब होती, आणि तिचं टोक अजून कापलेलंच नव्हतं.



बाहेर येऊन ती म्हणाली, "एसिटोन संपलंय, आई. आज काही हात सुटायचे नाहीत. बॅग आत ठेवते."